चिंतामणी रंगाचा मासा

आदिनाथ : अप्पा, ती पुडी मी देणार नाही. दुसरं काही पण मागा.

गुरुलिंग : दुसरं काय मागू? नांदेडहून तुला इथं लातूरला बोलावलं, ते काय चहा पाजायला? हैदराबादचा एक मासेवाला फोनवर म्हणला, त्या पुडीनं आठ दिवसांत माशाला रंग येतो.

आदिनाथ : हाव, येतो ना. हार्मोनचं औषध असतं ते. मादीला बी नराचा रंग चढतो. अन् मग दोन महिन्यांत एकेक उलटा होऊन वर तरंगतो. गिऱ्हाईक रोज मागून राहिले, तरी मी दुकानात ठेवत नाही.

गुरुलिंग : मला दोन महिने नकोतच. अठरा दिवस टिकू दे रंग. एकोणिसाव्या दिवशी काय व्हायचं ते होऊ दे.

आदिनाथ : काय बोलून राहिले अप्पा! तुम्ही या माशांना पालक उकडून घालणारे माणूस. ‘लिंगायताच्या घरचे मासे हायत, अळ्या खाणार न्हाईत’, असं तुम्हीच मला ऐकवलं होतं. मी हसलो होतो, कारण हा आफ्रिकेचा सिक्लिड तसा बी शेवाळच खातो. अन् आता तुम्हीच म्हणता मेले तर मरू दे? अठराच दिवस कामून? घरात काही कार्य आहे का?

गुरुलिंग : हळू बोल. उमा मठात गेलीय, येईलच एवढ्यात. शेजारची सरजाबाई हात धरून आणून सोडती तिला.

आदिनाथ : हात धरून? काकूला काय झालं?

गुरुलिंग : डोळे चाललेत तिचे.

आदिनाथ : अरे देवा. कधीपासून?

गुरुलिंग : साखर हाय तिला पंधरा वर्षांची. आतल्या पडद्याला सूज आलीय. डॉक्टर म्हणले, महिन्याच्या आत डोळ्यात सुया घ्यायला सुरुवात करा. गेलेली नजर यायची न्हाई, हाय तेवढी राखता येईल. महिना गेला तर तेवढीबी न्हाई. त्यातले बारा दिवस गेले, आदिनाथ. बारा दिवस मी बायकोच्या पाया पडतोय.

आदिनाथ : मग घ्यायची ना सुई. यात माशाचा काय संबंध?

गुरुलिंग : ती म्हणती, माझे डोळे ठणठणीत हायत, तुमच्या माशाचाच रंग उडालाय. आन् तूच बघ की! उडालाय का न्हाई? मला तिला खोटंबी पाडता येईना. लेक अक्षरा तिकडं नोकरीच्या गावाहून रोज फोनवर रडती, तिलाबी तेच उत्तर. ‘आधी मासे नीट करा म्हणून बापाला सांग, मग माझ्याकडं या.’

आदिनाथ : लाइट लावा बरं टाकीचा. अरे अरे अरे... हा माझा निळा का? हा? हा तर राखेत लोळल्यासारखा दिसून राहिला.

गुरुलिंग : तोच. उमा त्याला चिंतामणी म्हणती, साड्यांतल्या त्या निळ्या रंगाच्या नावानं. पिवळे ते लिंबू आन् तो दांडगा शेंदरी. चाळीस वर्षं आपल्या साडीच्या दुकानात फॉलला शेड लावायचं काम तिचं होतं. बोटावर दोरा घेतला की सांगायची, हा रामा न्हाई, मोरपंखी हाय. चाकूरहून बायका साड्या घेऊन यायच्या तिच्याकडं. मी मालक नुसता गल्ल्यावर बसायला. दुकान पुतण्याच्या हाती दिलं आन् हिचा दिवस जाईना, म्हणून अक्षरानं ही टाकी आणून दिली. पहिल्याच दिवशी या निळ्याला बघून म्हणली, ‘यव्वा, ह्यो तर चिंतामणी!’

आदिनाथ : आठवतं ना मला. अक्षराताईनं फोन लावून दिला होता.

गुरुलिंग : सोमवारी मी भांडण मठात नेलं. शरम सोडली. स्वामींच्या पुढं तिनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आन् म्हणली, ‘माशाला पहिल्यासारखा रंग येऊ द्या. त्यो मला दिसला न्हाई, तर मी सुई घेईन.’ लिंगाला हात लावल्यावर उमा माघारी फिरत न्हाई. म्हणून मला रंग पायजे. कसलाबी चालंल. आता कळलं?

आदिनाथ : कळलं अप्पा. बसा तुम्ही. घाम पुसा. आता मला सांगा, काय काय केलं तुम्ही याच्यावर?

गुरुलिंग : काय न्हाई केलं! बीट किसून घातलं. गाजर घातलं. जांभळा दिवा आणून लावला. सोमवारी चिमूटभर विभूती टाकली पाण्यात.

आदिनाथ : विभूतीनं काही बिघडत नाही. अन् पाणी? पाणी कोणतं घालून राहिले?

गुरुलिंग : पाण्याचं नाव काढू नको, त्यात आपली कसूर न्हाई. उन्हाळ्यापासून मी बोरचं पाणी बंद करून टाकलं. एकदम जारचं घालतो. आरओचं, फिल्टरचं, आपण पितो तेच.

आदिनाथ : जारचं?

गुरुलिंग : तर! बोरचं पाणी कसलं, भांड्यावर पांढरे थर बसत्यात. माणसाला जे चालत न्हाई ते या मुक्या जिवांना कसं पाजायचं? मठातबी सगळे म्हणले, गुरुलिंगअप्पा माशाला जारचं पाणी घालतो, पुण्याचं काम हाय.

आदिनाथ : अप्पा... काय केलंत हे!

गुरुलिंग : का? काय झालं?

आदिनाथ : हा मासा आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातला. तिथलं पाणी जड, क्षारांचं. तुमच्या बोरसारखंच. म्हणून तर मी ताईला हाच मासा दिला. म्हणलं, ताई, लातूरला बाकीचे मासे मरतात, हा नाचतो. जारच्या पाण्यात काहीच नसतं हो, सगळे क्षार काढून टाकलेले. त्याच्यात तो जगतो, पण असा. पंख मिटून, रंग टाकून.

गुरुलिंग : म्हणजे मी...

आदिनाथ : तुम्हाला कुठं माहीत होतं.

गुरुलिंग : म्हणजे माशाचा रंग मीच घालवला. आन् तिला ‘मासेच फिके झाले’ म्हणायला जागा मीच करून दिली. तिला दिसत न्हाई ते मला आधीच कळलं असतं की रं! चैतातच कळलं असतं. ती म्हणायची, ‘आज चिंतामणी उतरलाय,’ आन् मी म्हणायचो, हाव की, उतरलाय. दोघं मिळून माशाची काळजी करत बसलो! चार महिने!

आदिनाथ : अप्पा, हळू. दार वाजलं.

उमादेवी : कोन आलंय? कुनाचा आवाज ह्यो? ऱ्हाऊ दे सरजाबाई, जा तू, मी जाते आत.

आदिनाथ : मी आदिनाथ काकू, नांदेडचा. मासेवाला.

उमादेवी : आला का बाबा! बरं झालं. ह्यांनी जेवूबिवू घातलं का नुसतं बोलत ठिवलं? आन् आता तूच सांग. तू मासळीतला जानकार. त्या चिंतामणीला हाय का काई रंग?

आदिनाथ : नाही काकू. धुरकट झालाय.

उमादेवी : ऐकलं का वो? ऐका, ऐका! म्हनं उमाचं डोळं गेलं. गावभर बोंब केली, मठात बोंब केली. आता ह्याचं बी डोळं गेलं का?

गुरुलिंग : उमा, मासे उतरलेत ते खरं हाय. माझ्या हातानं उतरलेत. पण तुझे डोळेबी—

उमादेवी : नगा. पुन्ना तेच नगा.

गुरुलिंग : परवा तू सरजाबाईला सिंधुअक्का म्हणून हाक मारलीस.

उमादेवी : उन्हातनं आल्ती ती. उन्हातनं आल्यावर कुनाला बी तसंच हुतं.

गुरुलिंग : सुईला एक मिनिट लागतं म्हणले डॉक्टर.

उमादेवी : मला सांगू नगा एक मिनिट! आदिनाथ, बाबा, तुला सांगते. माझी सिंधुअक्का, उदगीरची. तिला बी असंच म्हनले, एक मिनिट लागतंय. म्या तिचा हात धरून बसले व्हते. हसत आत गेली, हसत भाईर आली. दुसऱ्या दिवशी डोळा टम्म, त्यातनं पू. आठ दिवसांत डोळा गेला. मेली तवा बी एक पापनी उघडीच ऱ्हायली तिची, म्याच मिटली. मला भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय. ते ह्यांना कळंना.

गुरुलिंग : मला कळत न्हाई व्हय? मला काय कमी भ्या वाटतंय?

उमादेवी : मग गप ऱ्हावा. म्या लिंगाला हात लावून बोलले हाय. माशाला रंग आला आन् मला न्हाई दिसला, तर मुकाट चलते. तवर सुईचं नाव काढायचं न्हाई. आदिनाथ, किती दिवस लागत्यात रंगाला?

आदिनाथ : बोरचं पाणी एकदम नाही घालता येत काकू, झटका बसतो. एक दिवसाआड थोडं थोडं बदलायचं. खाली ही चमकणारी पांढरी खडी आहे ना, ती काढायची. पांढऱ्यावर मासा आपला रंग फिका करून घेतो. मागं काळं कापड लावायचं. पंधरा-वीस दिवस धरा.

गुरुलिंग : वीस न्हाईत माझ्याकडं!

उमादेवी : तुमच्याकडं? डोळं माझं हायत का तुमचं?

*

गुरुलिंग : हॅलो! आदिनाथ? ऐकू येतंय का? लातूरहून अप्पा बोलतोय.

आदिनाथ : बोला अप्पा. थांबा, पंप बंद करतो, आवाज येऊन राहिला. हां. काय म्हणतात मासे?

गुरुलिंग : पुडी आलीय.

आदिनाथ : कोणती पुडी?

गुरुलिंग : हैदराबादची. मी मागवली. आत्ता माझ्या हातात हाय, फोडून. मला एवढंच सांग, किती टाकू? चिमूट का चमचा?

आदिनाथ : अप्पा, ती खाली ठेवा.

गुरुलिंग : वीस दिवस झाले डॉक्टरनं सांगून! तू म्हणला ते सगळं केलं. बोरचं पाणी आणलं, खडी काढली, दुकानातलं काळं पॉपलीन लावलं मागं. लिंबू पिवळेधमक झाले. शेंदरी तर कुंकवाचा डबा सांडल्यागत दिसतोय. आन् हा एकटा चिंतामणी तसाच! मढ्यासारखा! आन् उमा म्हणती, बाकीचे कसे का असंनात, माझा चिंतामणी रंगात येऊ द्या, मग मला इचारा. धरून बसलीय त्याच एकाला.

आदिनाथ : अप्पा, ऐका—

गुरुलिंग : तू ऐक! आज सकाळी तिनं तव्यावर हात ठेवला. भाकर समजून. अख्खा पंजा. मी चूळ भरत होतो, किंचाळी ऐकून पळालो. हात पाण्यात धरून मला म्हणती, ‘वाफ लई झाली व्हती.’ वाफ! आदिनाथ, भाकर अजून परातीतच होती रं. तव्यावर काईच नव्हतं.

आदिनाथ : ...लई भाजलं का?

गुरुलिंग : भाजलं. डॉक्टरकडं नेतो म्हणलं तर तिथंबी तयार न्हाई. मी कुणाच्या पाया पडायचे राहिले ते सांग. त्या माशाच्याबी पडलो. देवघर सोडून त्या टाकीपुढं हात जोडून उभा राहतो सकाळी. साठ वर्षांचा माणूस. लोक हसतील.

आदिनाथ : कोणी नाही हसत. रडू नका अप्पा. ऐका माझं. चिंतामणी कुठं बसतो?

गुरुलिंग : कुठं म्हणजे? डाव्या अंगाला, मोठ्या दगडाच्या बुडाला. हलतच न्हाई तिथून.

आदिनाथ : अन् शेंदरी?

गुरुलिंग : तो सगळीकडं. चिंतामणी जरा भाईर आला की अंगावर धावतो.

आदिनाथ : बस. पाण्याचं काम झालंय, आता हे राहिलं. या माशांत एक राजा झाला की तो बाकीच्या नरांना रंग घेऊ देत नाही. दबलेला नर भीतीनंच फिका राहतो. अंगात रंग आहे त्याच्या, तो दाखवायला भिऊन राहिला. पुडीनं भीती जात नाही.

गुरुलिंग : मग कशानं जाती?

आदिनाथ : सगळे दगड काढायचे अन् नव्या जागी रचायचे. घर मोडलं की राजाची राजेशाही मोडते. सगळे नव्यानं जागा शोधतात. तेवढ्यात शेंदरीला मी आठ दिवस जाळीच्या डब्यात कोंडतो. चिंतामणीला जागा धरू द्यायची आधी.

गुरुलिंग : आन् न्हाईच आला तर?

आदिनाथ : तर तुम्ही म्हणाल तसं. पण पुडी नाही. तुमची शपथ, पुडी टाकली तर मी पाऊल ठेवणार नाही तुमच्या घरात. तिनं पाणी बी नासतं. अन् त्या खोट्या रंगावर काकूकडून खरं वचन घेणार का तुम्ही? तुम्हालाच झेपणार नाही ते.

गुरुलिंग : मला काय झेपतंय न् काय न्हाई, ते मला बी कळंना झालंय.

आदिनाथ : ती मोरीत टाका. मी फोन चालूच ठेवतो. टाका आत्ता. पाणी सोडल्याचा आवाज येऊ द्या मला.

गुरुलिंग : ...टाकली.

आदिनाथ : उद्या सकाळच्या गाडीनं येतो. काकू मठात जातील तेवढ्या वेळात काम उरकू. टाकीत हात घालताना त्यांनी बघितलं की नुसती माशांची काळजी करत बसतील.

गुरुलिंग : ये बाबा. लेकरा, ये.

*

(आठ दिवसांनी, सकाळी. गुरुलिंगअप्पांच्या घरची पुढची खोली.)

आदिनाथ : अप्पा... मी माझ्या दुकानात सुद्धा असा निळा बघितला नाही कधी.

गुरुलिंग : तुला दिसतोय ना? मला भास तर होत न्हाई? परवा सकाळी टाकीचा लाइट लावून बघितलं तर हा असा. मी खुर्चीवर बसून घेतलं.

आदिनाथ : भास कशाचा! काळे पट्टे कसे उठून दिसून राहिले बघा. पार उजव्या कोपऱ्यात घर केलंय पठ्ठ्यानं. शेंदरीला कालच सोडलं ना? तो बी वाटेला जात नाही आता त्याच्या. काकूला सांगितलं का?

गुरुलिंग : न्हाई. म्हणलं तू असताना सांगू. माझ्यावर इश्वास न्हाई तिचा, तुझ्यावर हाय. आज अठ्ठाविसावा दिवस. दोन दिवस उरलेत. आदिनाथ, मला कळंना मी काय मागू देवाला. तिला दिसला तर डोळे हायत म्हणायचे, आन् मग ती सुई घेणार न्हाई. न्हाई दिसला तर... न्हाई दिसला तर सुई घेईल.

आदिनाथ : आता काही मागू नका. बोलवा त्यांना.

गुरुलिंग : उमा! ए उमा! ये जरा इकडं. आदिनाथ आलाय.

उमादेवी : आले, आले. हात पुसते. आदिनाथ, बरा हाईस का बाबा? आन् आता काय करायचं ऱ्हायलंय माशाचं?

आदिनाथ : काही नाही काकू. झालं काम. तुमच्या चिंतामणीला रंग आला. पहिल्यापेक्षा जास्त.

उमादेवी : खरं म्हनतोस?

आदिनाथ : तुमच्याशी खोटं बोललो का मी कधी? तेव्हा नव्हता तर नाही म्हणलो. आता आहे, तर आहे म्हणून राहिलो.

गुरुलिंग : बस इथं, स्टुलावर. टाकीला लागूनच हाय. उमा, मी काई बोलत न्हाई. तू सांग.

उमादेवी : सांगते की. त्यात काय. हे लिंबू, वर तोंड काढून फिरत्यात. खायला मागत्यात गाबडी. बरोबर?

आदिनाथ : बरोबर.

उमादेवी : शेंदरी ह्यो, मधनं येरझाऱ्या घालतोय. दांडगा.

आदिनाथ : हाव. तोच.

उमादेवी : आन् माझा चिंतामणी... अगं अव्वा! किती छान उजळलाय! चांगला रंग आलाय वो. आता कसा पहिल्यासारखा दिसतोय.

गुरुलिंग : कुठं हाय तो?

उमादेवी : कुठं म्हंजे? हितं की. डाव्या अंगाला, मोठ्या दगडाच्या बुडाला.

गुरुलिंग : बोट लाव. काचंवर बोट लावून दाखव.

उमादेवी : हे घ्या. हे बोट. हितं. झालं का समाधान?

गुरुलिंग : उमा... तिथं दगड न्हाई आता.

उमादेवी : न्हाई म्हंजे?

आदिनाथ : दगड मी हलवले काकू. आठ दिवस झाले. डाव्या बाजूला सगळं मोकळंच आहे. मागचं काळं कापड आहे नुसतं.

उमादेवी : आठ दिवस?

आदिनाथ : हाव. तुम्ही मठात गेल्या होत्या. चिंतामणीला रंग यायला तेच करावं लागत होतं.

उमादेवी : मग आठ दिवस मी रोज सकाळी कुनासंगं बोलत व्हते?

गुरुलिंग : नको गं...

उमादेवी : न्हाई, सांगा ना. चा झाला की मी हितंच बसते. म्हनते, चिंतामण्या, ये की जरा भाईर, भितोस कशाला. कुनाला म्हनत व्हते मी?

आदिनाथ : काकू, अहो...

उमादेवी : ज्याचा त्यो आपल्या दगडाला धरून ऱ्हातो ना रं, म्हनून म्या जागा पाठ केल्या व्हत्या. वर हललं की लिंबू. मधी मोठं काई सरकलं की शेंदरी. डाव्या बुडाला चिंतामणी. म्हनलं, इतकं पुरल. ह्यांना काई कळायचं न्हाई. ह्यांना कदी काय कळलंय?

गुरुलिंग : मला लई आधी कळायला पायजे होतं.

उमादेवी : रंग तर जाऊन लई दिस झाले वो. म्या बोलले न्हाई. समदं राखुंडीगत दिसतंय. आन् मधोमध एक भोक. ज्याच्याकडं बगीन त्येच त्या भोकात जातंय. तुमचं तोंड बी. पाडव्यापासनं तुमचं तोंड म्या नीट बगितलं न्हाई.

गुरुलिंग : आन् मला सांगितलं न्हाईस! उमा, मी काय परका होतो?

उमादेवी : सांगून काय केलं असतं? सुईच की. लिंगाला हात लावून बोलले व्हते, तरी आज खोटं बोलले बगा. इतकं भ्या वाटतंय मला. अक्काचा डोळा रोज डोळ्यापुढं येतो. त्येवढा मातूर सपष्ट दिसतो.

गुरुलिंग : सुई लागताना मी तिथंच उभा राहीन. बाहेर जा म्हणले तरी जाणार न्हाई. काय होईल ते दोघांना होईल. पण उमा, माझ्याच्यानं आता हे बघवत न्हाई. त्या दिवशी तू तव्यावर हात ठेवलास, तवापासून मी झोपलो न्हाई. रात्री तुझ्या पापण्यांकडं बघत बसतो. मी तुला हुकूम करत न्हाई. भीक मागतो.

उमादेवी : उठा. पाया काय पडताय, त्या पोरापुढं. उठा म्हनते ना.

गुरुलिंग : तू हो म्हण आधी.

उमादेवी : ...आदिनाथ, किती दिस उरल्यात म्हनं?

आदिनाथ : दोन, काकू. आज सोडून.

उमादेवी : आन् त्यो? त्यो कुठं हाय आता?

आदिनाथ : तुमच्या उजव्या हाताला. काचेला तोंड लावून तुमच्याकडंच बघून राहिला.

उमादेवी : हितं?

आदिनाथ : अजून जरा खाली. हां. तिथं.

उमादेवी : भीत न्हाई आता?

आदिनाथ : नाही. अजिबात नाही.

उमादेवी : ...रिक्षा बोलवा.

गुरुलिंग : काय म्हणलीस?

उमादेवी : रिक्षा बोलवा म्हनलं. आत्ताच्या आत्ता. दुपार झाली तर माझं मन फिरंल. मी लुगडं बदलून येते तवर.

गुरुलिंग : राहू दे, राहू दे, बदलू नको. आहे तेच लई चांगलं हाय.

उमादेवी : कंचं नेसलेय मी?